स्विंडन : भोंग्यावर चालणाऱ्या गावातलं बालपण

विल्टशायरी

लंडनहून ब्रिस्टलच्या गाडीत बसलं की तासाभरात स्विंडन येतं. उतरावंसं वाटेल असं खिडकीतून काही दिसत नाही. आपली आयटीतली मंडळी इथे प्रोजेक्टपुरती येतात, एका चौकात सहा चौक कोंबलेल्या त्या मॅजिक राउंडअबाउटवर पहिल्या आठवड्यात भंजाळतात आणि प्रोजेक्ट संपला की निघून जातात. मी राहिले. घर घेतलं तेही रेल्वे कामगारांच्या जुन्या विटांच्या रांगेत, भिंतीला भिंत लागून. शेजार ऐंशी-नव्वदीचा. कारखाना बंद होऊन चाळीस वर्षं होत आली, पण या लोकांच्या तोंडी कारखान्याचा विषय निघाला नाही असा दिवस जात नाही. चर्चच्या हॉलमध्ये आठवड्यातून एकदा चहा-बिस्किटं असतात, तिथे मी कप विसळायला जाते आणि गप्पा ऐकत बसते. त्या इथे लिहून ठेवते आहे.

थोडी पार्श्वभूमी. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा मार्ग ब्रुनेल या अभियंत्यानं आखला, इंजिनांचा कारभार डॅनियल गूचकडे होता. गूच तेव्हा अवघा चोवीस वर्षांचा. १८४० मध्ये त्यानं कारखान्यासाठी ही जागा सुचवली, कारण चेल्टनहॅमचा फाटा इथेच फुटणार होता. टेकडीवर बाजाराचं एक लहानसं गाव होतं, खाली नुसती शेतं. १८४३ च्या सुरुवातीला कारखाना चालू झाला आणि शेतांत नवं स्विंडन उभं राहिलं. टेकडीवरचं जुनं आणि खालचं नवं, ही दोन गावं कागदोपत्री एक व्हायला १९०० साल उजाडलं. (टेकडीवरचे लोक अजून 'आम्ही ओल्ड टाउनचे' असं जरा मान वर करूनच सांगतात.) कंपनीनं कामगारांसाठी तीनशेच्या आसपास दगडी घरं बांधली आणि गल्ल्यांना स्टेशनांची नावं दिली : लंडन, रीडिंग, ऑक्सफर्ड, बाथ, ब्रिस्टल, टॉन्टन, एक्झेटर. पोरांनी पत्ते सांगायला लागावं तर वेळापत्रक वाचून दाखवल्यासारखं वाटे. १९२० च्या दशकात कारखान्यात चौदा हजारांच्या आसपास माणसं होती. म्हणजे गावात ज्याचा बाप, काका किंवा थोरला भाऊ कारखान्यात नाही असं पोर शोधावंच लागलं असतं. कारखान्यात नोकरीला असणं म्हणजे 'आत' असणं. एवढं म्हटलं की पुरे, कुठे आत ते कुणी विचारत नसे.

पहिली आठवण सगळ्यांची एकच, भोंग्याची. सकाळी तो एकदा वाजून थांबत नसे. उठायला एक, निघायला एक, आणि शेवटचा झाला की फाटक बंद. आजूबाजूच्या खेड्यांतही तो ऐकू जाई. शेजारच्या आजी (वय ८८) सांगतात की त्यांच्या घरात घड्याळ होतं, पण त्याला किल्ली भोंगा ऐकूनच दिली जायची. दुपारी भोंगा झाला की आई बटाटे गाळायची, कारण त्यानंतर बाबा किती मिनिटांत दारात उभे राहणार ते ठरलेलं असे. जेवणाच्या सुट्टीत रेल्वेलाइनखालच्या भुयारी रस्त्यातून माणसांचा आणि सायकलींचा असा लोंढा बाहेर पडे की समोरून येणाऱ्यानं भिंतीला चिकटून उभं राहायचं. पोरांना सक्त ताकीद : भोंग्याच्या वेळी रस्ता ओलांडायचा नाही.

आजोबांनी (तेही आमच्याच रांगेतले) एकदा खिशातून पितळी बिल्ला काढून माझ्या हातावर ठेवला. रुपयाच्या जुन्या नाण्यापेक्षा थोडा मोठा, वर खिळ्याला अडकवायला भोक, मधे ठोकलेला नंबर, आणि नंबराच्या कडा बोटं लागून लागून गुळगुळीत झालेल्या. तो त्यांच्या वडिलांचा. सकाळी फळ्यावरून आपला बिल्ला काढायचा आणि आत गेल्यावर जमा करायचा. फळ्यावर राहिला की खाडा. आजोबा म्हणाले, "शाळेत वडलांचं नाव आणि नंबर दोन्ही पाठ पाहिजेत, असं आई सांगायची. कधी निरोप द्यायची वेळ आली तर नावानं कुणी सापडणार नाही."

खेळायची जागा म्हणजे घरांच्या मागच्या बोळी. त्यांना इथे बॅक्सीज म्हणतात. एका रांगेची मागची दारं दुसऱ्या रांगेच्या मागच्या दारांकडे तोंड करून, मधे हातगाडी जाईल एवढीच वाट. फुटबॉल, गोट्या, दोरीच्या उड्या, भांडणं, सगळं तिथेच. सोमवार धुण्याचा. वारा कारखान्याकडून यायला लागला की कुणीतरी ओरडायचं आणि सगळ्या बोळीतल्या बायका एकदम चादरी ओढायला धावायच्या, नाहीतर काजळी बसलीच.

आणि लाकूड! कारखान्यातलं टाकाऊ लाकूड कामगारांना अगदी स्वस्तात मिळे. ते आणायचं काम पोरांचं. जुन्या बाबागाडीची चाकं फळीला ठोकून गाडा करायचा, त्यावर डब्यांच्या मोडतोडीतून आलेल्या फळ्या रचायच्या आणि ओढत घरी आणायच्या. आजोबांच्या घरातला कोंबड्यांचा खुराडा आणि सशांची पेटी दोन्ही जुन्या डब्याच्या लाकडाची होती. त्यावर रंगाचे चॉकलेटी आणि मलईचे पट्टे तसेच दिसायचे. कंपनीच्या डब्यांचा रंगच तो.

'ट्रिप'बद्दल (कारखान्याच्या वार्षिक सुट्टीतल्या सहलीबद्दल) वेगळं लिहिते, तो विषय एका परिच्छेदात मावणारा नाही. रेल्वेच्या गावात कुणी वाढलं असेल, इकडे किंवा तिकडे, तर जरूर लिहा.

नुसताच_वाचक

वाचनखूण साठवली. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

भुसावळचा_पाहुणा

मस्त धागा! आमचं बालपण भुसावळच्या रेल्वे क्वार्टरात गेलं. भोंगा, पास, रेल्वेचा दवाखाना, रेल्वेची शाळा, इन्स्टिट्यूटमधलं कॅरम आणि पडद्यावरचा सिनेमा, सगळं ओळखीचं वाटलं. आम्हाला वाटायचं की हे आपल्याकडचंच आहे. जीआयपी रेल्वेचे (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) साहेब विलायतेहून अख्खं गावच नकाशासकट घेऊन आले होते, हे आता कळतंय. ताई, तिकडेही इन्स्टिट्यूट होती का?

विल्टशायरी

होती म्हणजे काय, गावाचा मध्यच ती. मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशन, १८४४ ची. इमारत १८५५ ला झाली, दगडी घरांच्या ऐन मधोमध. वाचनालय, व्याख्यानं, नाटकं, नाच, संध्याकाळचे वर्ग. आजींच्या वडिलांनी भूमिती तिथे शिकली आणि आजींनी पहिलं नाटक तिथे बघितलं. १९८६ पासून ती इमारत बंद आहे. खिडक्यांना फळ्या मारलेल्या. रोज समोरून जाते आणि रोज चिडते.

तर्कट

सगळं गोड गोड चाललंय म्हणून जरा मीठ टाकतो. घर कंपनीचं, डॉक्टर कंपनीचा, पुस्तक कंपनीचं, सुट्टी कंपनीची. नोकरी गेली की डोक्यावरचं छप्परही गेलं. अशा गावात आवाज कोण चढवणार? पोरांना ते कळत नसतं म्हणून आठवणी सुंदर असतात.

विल्टशायरी

@तर्कट, अर्धं मान्य. फाटकापाशी एक मिनिट उशीर म्हणजे पैसे कापले, आणि आतल्या बॉयलर शॉपमध्ये (कारखान्याच्या विभागाला शॉप म्हणत) रिव्हेट ठोकण्याच्या आवाजानं माणसं बहिरी व्हायची. घरी येऊन ओरडून बोलायची ती उगाच नाही. पण दवाखाना आणि वाचनालय हे साहेबाच्या खिशातलं दान नव्हतं. १८४७ मध्ये मेडिकल फंड सोसायटी निघाली. कामगारांच्या पगारातून आठवड्याला थोडे पेनी कापायचे आणि कारभार कामगारांच्याच समितीनं बघायचा. त्यातून डॉक्टर आले, औषधं आली, इस्पितळ आलं, दंतवैद्य आला. मिल्टन रोडवर १८९० च्या दशकात पोहण्याचे तलाव बांधले गेले, तुर्की हमामही झाले. कारखान्यात हात-पाय गमावलेल्यांसाठी कृत्रिम अवयवही कारखान्यातले सुतारच करत. १९४८ ला देशभर एनएचएस (सरकारी मोफत आरोग्यसेवा) आलं तेव्हा स्विंडनचे म्हातारे म्हणाले म्हणतात, "आमच्याकडे हे आजोबांच्या वेळेपासून आहे." बढाई आहे, पण पोकळ नाही.

शेजारच्या आजी पोहायला तिथेच शिकल्या. कमरेला दोर बांधून, दुसरं टोक काठावरच्या बाईंच्या हातात. घरी पत्र्याचं टब, शेकोटीसमोर, एकाच पाण्यात सगळी भावंडं पाठोपाठ. त्यामुळे मिल्टन रोडचं गरम पाणी म्हणजे चैन.

तर्कट

समितीचं माहीत नव्हतं. तरीही ट्रिपची सुट्टी बिनपगारी होती, हे लिहाल ना?

विल्टशायरी

लिहिणारच होते!

ट्रिप म्हणजे जुलैच्या सुरुवातीची कारखान्याची सुट्टी. सुरुवात १८४९ ला झाली. इन्स्टिट्यूशननं पाचशेएक लोकांना रेल्वेनं ऑक्सफर्डला फिरवून आणलं. मग ते वाढत वाढत पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला पंचवीस हजारांवर गेलं. गावाची लोकसंख्याच तेव्हा पन्नास हजारांच्या आसपास. निम्मं गाव एका दिवसात रिकामं! गाड्या कंपनीच्या, तिकीट फुकट. वेमथला इतके लोक जात की त्याला 'समुद्रकाठचं स्विंडन' म्हणत. काही सेंट आइव्हज, काही टेनबी, काही वेस्टन.

इतक्या गाड्या स्टेशनात लागणार कुठे? त्या कारखान्याच्या साइडिंगमध्ये उभ्या करत. तिथे फलाट नाही, म्हणून डब्यांना शिड्या लावायच्या. पहाटेच्या अंधारात रविवारच्या कपड्यांतल्या बायका, हॅट सांभाळत, शिडीवरून डब्यात चढताहेत आणि पोरांना खालून ढकललं जातंय. एरवी बायकापोरांना 'आत' पाऊल टाकायची सोय नव्हती. आजी म्हणतात की त्यांना समुद्रापेक्षा हेच जास्त आठवतं. बाबा रोज जिथे जातात ती जागा अंधारात एवढी मोठी दिसली की त्या आईच्या कोटात शिरल्या.

आणि हो, १९३८ पर्यंत या सुट्टीचा पगार नव्हता. परत आल्यावर पहिल्या पगाराच्या दिवशी हात हलवत यायचं. आजींची आई जानेवारीपासून चहाच्या डब्यात नाणी टाकायची, आणि परत आल्यावर दोन आठवडे ब्रेड आणि ड्रिपिंग (मांस भाजताना गळलेली चरबी). ज्यांना परवडत नसे ती घरं ट्रिपच्या आठवड्यात पडदे ओढून बसत, असंही सांगतात. दुकानं बंद, रस्ते ओस. मागे राहिलेल्या पोरांसारखं दुःखी कुणी नाही.

वेमथच्या वाळूवर मात्र शेजारी तोच, फोरमन तोच, आणि बॅक्सीजमध्ये ज्याच्याशी भांडण तोही तिथेच बादली-फावडं घेऊन हजर.

क्रू_मध्ये_सध्या

क्रूहून हजेरी, हेही इंग्लंडमधलं रेल्वेचंच गाव. इथला कारखानाही १८४३ चाच, ग्रँड जंक्शन रेल्वेचा. त्याआधी इथे गाव असं नव्हतंच. क्वीन्स पार्क १८८८ ला रेल्वे कंपनीनं गावाला दिलं. फुटबॉल क्लबचं टोपणनाव 'रेल्वेमेन'. माझे घरमालक सत्तरीचे. त्यांच्या लहानपणी सुट्टीचा उद्योग एकच : स्टेशनच्या पुलावर उभं राहून इंजिनांचे नंबर टिपायचे. इयन ॲलन या प्रकाशकाची खिशात मावणारी नंबरांची वही, शिसपेन्सिल, जॅमचं सँडविच. दिसलेल्या नंबराखाली पट्टीनं रेघ मारायची. ती वही त्यांनी मला दाखवली, हातात दिली नाही.

माहेर_स्विंडन

हा धागा बघून लॉगिनचा पासवर्ड शोधून काढला!

बाबा परळच्या रेल्वे वर्कशॉपात शिकलेले फिटर. साठच्या दशकात इंग्लंडला आले आणि स्विंडनला 'आत' लागले. मी इथेच जन्मले आणि वाढले. घरात मराठी, कारण आजी सहा-सहा महिने येऊन राहायची आणि तिच्यासमोर इंग्रजी बोलायची टाप नव्हती. तेव्हा गावात मराठी घर दुसरं असलं तरी आम्हाला माहीत नव्हतं. आता गोव्याचे इतके लोक आहेत की मँचेस्टर रोडवरून चालताना कोकणी कानावर पडते. आई म्हणते, "हे लोक तीस वर्षं आधी आले असते तर मला कोकम मागवायला मुंबईला पत्रं लिहावी लागली नसती."

माझ्या लहानपणी वाफेची इंजिनं संपली होती. ब्रिटिश रेल्वेसाठी बांधलेलं शेवटचं वाफेचं इंजिन, 'ईव्हनिंग स्टार', नंबर ९२२२०, इथेच झालं. मार्च १९६० मध्ये त्याचं नामकरण झालं. मला आठवतात ती डिझेल. 'वेस्टर्न' जातीची इंजिनं, त्यांतली काही याच कारखान्यानं साठच्या दशकाच्या सुरुवातीला बांधली, आणि सत्तरच्या दशकात ती मोडीत काढायला पुन्हा इथेच आली. बाबा एरवी घरी कामाचं बोलत नसत. एका संध्याकाळी म्हणाले, "आज ज्याला गॅसनं कापलं त्याची जोडणी आमच्या शॉपमधल्या एकानं केली होती. कापायलाही तोच उभा होता." आजी देवघरासमोर बसली होती. तिनं विचारलं, "मग पगार दिला का त्याला दोन्ही वेळचा?" बाबा हसले आणि जेवायला बसले.

ट्रिप आमच्या वेळीही होती, पण पूर्वीची मजा गेली होती. लोकांकडे गाड्या आल्या होत्या, काही तर स्पेनला जायचे. आम्ही मात्र वेमथलाच, पासावर. बाबांना पास फुकट जाणं म्हणजे पाप वाटे. आई डबाभर चिवडा आणि तिखटमिठाच्या पुऱ्या घेई. समुद्रावरच्या वाऱ्यात चिवड्यातले पोहे उडून शेजारच्या बाईंच्या चहात. त्या बाई बाबांच्याच शॉपमधल्या एकाच्या. पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःहून विचारलं, "तो तुमचा उडणारा खाऊ आणलाय का?"

आणि नाताळच्या आधी घरी यायची ती एखादी वस्तू. कामाच्या वेळात, साहेबाची नजर चुकवून, घरच्यासाठी केलेली. सगळेच करत. आमच्याकडे शेगडीची सळई, दरवाज्याची कडी आणि आजीसाठी एक अस्सल पितळी पंचपात्र. ते कशासाठी हे फोरमनला समजावणं बाबांना जमलं नाही म्हणे. त्यानं फुलदाणी समजून सोडून दिलं.

२६ मार्च १९८६ ला शेवटचा भोंगा झाला तेव्हा मी शाळा बुडवून भुयाराच्या तोंडाशी गेले होते. तो नेहमीपेक्षा खूप वेळ वाजत राहिला. बाया रडत होत्या, काही पोरं टाळ्या वाजवत होती, कारण टीव्हीवाले आले होते. बाबा बाहेर आले, मला बघून म्हणाले, "शाळा सुटली का लवकर?" बस, एवढंच. पुढचे काही महिने ते सकाळी त्याच वेळी उठून चहा करायचे.

भुसावळचा_पाहुणा

पंचपात्र! हे कुठेतरी छापा हो ताई.

इतिहासाचा_किडा

भोंग्यावरून एक किस्सा. १८७३ च्या सुमाराला लिडियार्डच्या हवेलीतल्या लॉर्ड बॉलिंगब्रोकनं तक्रार केली की या भोंग्यानं माझी झोप मोडते. कारखान्याच्या शिट्ट्यांवर तेव्हा नवा कायदा आला होता, त्याखाली परवानगी रद्द झाली. कामगार चिडले, सभा झाल्या, शेवटी कंपनीनं दुसरा भोंगा बसवून काम चालू ठेवलं. लॉर्डसाहेबांची हवेली आज गावाच्या नगरपालिकेच्या ताब्यात आहे, हा काळाचा न्याय.

अवांतर : स्विंडन स्टेशनवर जवळजवळ प्रत्येक गाडी दहा मिनिटं थांबायची, कारण १८४० च्या दशकात कंपनीनं उपाहारगृह ९९ वर्षांच्या करारानं देऊन टाकलं होतं आणि 'गाडी थांबवूच' असं लिहून दिलं होतं. त्यातून सुटायला १८९५ मध्ये एक लाख पौंड मोजले. कॉफी इतकी वाईट की ब्रुनेलनं तिच्यावरून खवचट पत्र लिहिलंय.

खवय्या

खाण्याचा विषय निघालाच आहे तर, पोरांच्या खाऊचं काही लिहा की. ड्रिपिंगवर समाधान मानणारे आम्ही नाही.

विल्टशायरी

@माहेर_स्विंडन, तुमच्या बाबांचं वाचून थोडा वेळ काही लिहवेना. आई-बाबांना नमस्कार सांगा.

@खवय्या, खाऊ म्हटलं की इथले लोक एकच सांगतात, मुलांच्या जत्रेतला केक. फॅरिंग्डन रोडच्या बागेत दर ऑगस्टमध्ये इन्स्टिट्यूशन मुलांसाठी जत्रा भरवायची. १८६० च्या दशकात सुरू झाली ती थेट १९३९ पर्यंत, युद्धानं बंद पाडली. प्रत्येक मुलाला चहा, मेरी-गो-राउंडच्या फेरीचं तिकीट आणि कागदी पुडक्यात फळांच्या केकची जाडजूड वडी. हजारो पोरं, म्हणून केक हातानं कापणं अशक्य. रेल्वेच्या लोकांनी त्यासाठी यंत्रच केलं. आजी तेव्हा तीन वर्षांच्या, त्यांना स्वतःला काही आठवत नाही, पण थोरली बहीण सांगायची : मेरी-गो-राउंडवर चढायच्या आधी अर्धा केक खायचा, कारण फेऱ्या मारून झाल्यावर तो पोटात राहण्याची खात्री नाही. उरलेला अर्धा घरी न्यायचा, आईसाठी, आणि आईनं तो पुन्हा सगळ्यांना वाटायचा. अलीकडे काही मंडळींनी जत्रा पुन्हा सुरू केली, केकसकट. मी एकदा खाल्ला. कोरडा होता, चहात बुडवून संपवला.

तर्कट

म्हणजे कंपनी केकसुद्धा मापानं कापून द्यायची. मुद्दा सिद्ध.

विल्टशायरी

समितीचा केक होता हो, समितीचा!

क्रू_मध्ये_सध्या

पुढच्या महिन्यात त्या बाजूला येणार आहे. बघण्यासारखं काय उरलंय?

माहेर_स्विंडन

स्टेशनवरून चालत दगडी घरांच्या गल्ल्यांत जा, इन्स्टिट्यूशनची इमारत बाहेरून बघा, मग त्याच भुयारातून पलीकडे. पूर्वी तिथून बिल्ल्याशिवाय जाता येत नव्हतं, आता कुणीही जातं. पलीकडे 'स्टीम' म्युझियम आहे, २००० सालचं. कारखान्याच्या इतर शेड्समध्ये कपड्या-बुटांचं आउटलेट आहे. जिथे बाबा काम करायचे तिथे आता बूट मिळतात, असं आई सगळ्यांना सांगते. म्युझियमला निवांत दोन-तीन तास ठेवा, आणि शनिवार टाळा. सेलच्या गर्दीत पार्किंग मिळत नाही.